पाटीखालचं गवत

"हे गोठ्याजवळचं गवत नाही बरं का," नेसाआत्या म्हणाली आणि उशी तिने बार्लाच्या हातात कोंबली. "तुझ्या जाळ्यांमधलं आहे. वरचं, उंचावरचं. तुझ्या मानेसाठी म्हणून गियाचेननं, तुझ्या बापानं, स्वतः भरून दिलंय. जरा गरम करायची आणि मानेखाली घ्यायची. पण मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं त्याला. म्हणाला, या वयात वर चढतो हे बार्लाला कळलं तर माझं डोकं खाईल." कूर शहरातल्या स्टेशनच्या वरच्या मजल्यावर, पिवळ्या बसगाड्या ओळीने उभ्या असतात तिथे, दोघी उभ्या होत्या. आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे आली होती, डोळ्यांत औषध घातलेलं असल्यामुळे एकसारखी डोळे मिचकावत होती, आणि बस सुटायला आली होती. "जाळ्यांमधलं म्हणजे?" बार्लाने विचारलं. "म्हणजे काय म्हणजे? जाळ्यांच्या मधलं, वरचं, खालचं, सगळंच. तीन वर्षं झाली, दर जुलैत कापतो. काय लख्ख ठेवलंय गं तुझं ते कुरण! आमच्या ओट्यावरून नुसतं बघत राहावंसं वाटतं." ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, आत्या पायरीवर चढली, काचेतून हात हलवून गेलीसुद्धा. बार्ला उशी पोटाशी धरून तिथेच उभी राहिली. मागच्या माणसाने "जरा बाजूला व्हाल का" असं दोनदा विचारलं तेव्हा ती बाजूला झाली, ती भलत्याच बाजूला, आणि आणखी दोघांना आडवी आली.

तीन वर्षं. दर जुलैत. हे ऐकून माणसाने करायचं काय? हसायचं? बार्ला घराकडे चालू लागली आणि चालता चालता तिच्या लक्षात आलं, की आपण मोठ्याने बोलतोय. "अरे पण का?" असं ती एका बेकरीच्या काचेला म्हणत होती. आतल्या बाईने चमकून वर पाहिलं. का कापलं? कोणी सांगितलं होतं? अख्ख्या खोऱ्यात असा उतार शोधायला तिने एक उन्हाळा घालवला होता. वीसेक वर्षं विळा न लागलेला, गुरं न गेलेला, कमरेएवढं गवत माजलेला उतार. कारण कापणारं कोणी उरलं नाही म्हणून ओसाड पडलेले असेच उतार आता सगळीकडे आहेत, आणि खरी भीती त्यांचीच. लांब गवत शरदात आडवं पडतं, त्याच्यावर बर्फ बसतो, आणि मग ती सगळी रजई खालून सुटते, शेवाळलेल्या पायरीवरून पाय जावा तशी. कापलेल्या गवताचे खुंट टोचत राहतात, बर्फाला धरून ठेवतात. हे शाळेच्या पोराला कळेल. बर्फ अडवायच्या जाळीची चाचणी कशाला घ्यायची? घसरणारा बर्फ जाळीला किती जोराने ओढतो हे बघायला. म्हणून तर तिच्या स्वतःच्या गावाच्या, सुलवालच्या वरचा तो उतार घेतला, लोखंडी खांब रोवले, त्यांच्यामध्ये तिने स्वतः जुळवलेल्या नव्या विणीच्या तारांच्या जाळ्या टांगल्या, खडकात रुतवलेल्या प्रत्येक दोराला ताण मोजणारं यंत्र बसवलं, आणि तीन हिवाळे वाट पाहिली. आणि तिसऱ्याच्या शेवटी आकडे आले ते असे गोड, की कास्परने ऑफिसात बाटली उघडली. भीती होती त्याच्या निम्मासुद्धा ताण नाही! नवी वीण बर्फाबरोबर वाकते, ओढ अंगावर घेत नाही, असं बार्लाने छाती पुढे काढून इन्सब्रुकच्या सभेत सांगितलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कसली वीण आणि कसलं काय. बापाने गवत कापलं होतं.

घरी आल्यावर तिने उशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली आणि तिच्यासमोर बसली. निळ्या चौकटीच्या कापडाची, आईच्या जुन्या ॲप्रनचं कापड असावं, टाके मोठे मोठे आणि वाकडे. बाबांचेच. वासाने खोली भरली. तो वास तिला नको होता. त्या वासाबरोबर ती नको असताना सहा-सात वर्षांची झाली, पायात खिळ्यांचे बूट घातलेल्या बाबांच्या मागे उभ्या उतारावर बसली, ऊन पाठीत घुसतंय, आणि बाबांचा लांब दांड्याचा विळा एकाच लयीत उजवीकडून डावीकडे जातोय. गवत पडताना आवाज असा व्हायचाच नाही, पडल्यानंतर व्हायचा. मध्येच थांबून ते कमरेला लटकवलेल्या पोकळ शिंगातला धारेचा दगड काढायचे आणि पात्याला लावायचे, आणि म्हणायचे, "बार्ला, पाय रोव. इथून पडलीस तर तुझी आई मला घरात घेणार नाही." किती मजेत म्हणायचे. दुपारी गवताचे भारे बांधून तारेवरून खाली सोडायचे, भारा दरीवरून सूं करत जायचा आणि तिला दर वेळी वाटायचं, आपणही त्याला लटकून जावं. हे सगळं आठवून तिला बरं वाटायला हवं होतं. तिला भयंकर राग आला. आठवणी काढायची ही काय वेळ आहे? सोमवारी सकाळी पिग्नेल गावची माणसं येणार होती. तिने अहवालावर सही केली, की ती माणसं जाळ्यांची मागणी नोंदवणार, आणि याच उन्हाळ्यात त्यांच्या गावावरच्या उतारावर त्या लागणार. पिग्नेलच्या उताराखाली शाळा आहे. त्या उतारावर गवत छातीपर्यंत येतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलंय, त्याच्यातून चालताना ती चिंब भिजली होती. नव्या विणीची जाळी म्हणून बारीक खांब, कमी दोर. निम्मा ताण धरून.

आणि सगळ्यात चीड कशाची, तर तिने ते बघितलं होतं. दर ऑक्टोबरात ती यंत्रं तपासायला वर जायचीच की. गवत आखूड होतं. तिने सोबतच्या माणसाला सांगितलंसुद्धा होतं, "यंदा रानबकऱ्यांनी बरं चरलंय." रानबकऱ्यांनी! जनावराने खाल्लेलं गवत कसं वरखाली, कुरतडलेलं दिसतं, आणि विळ्याने कापलेलं कसं अर्धगोल ओळींत बसतं, हे जिला चालायला लागल्यापासून माहीत, ती बाई तिथे उभी राहून म्हणते, रानबकऱ्या. कूरमध्ये वीस वर्षं राहून डोळ्यांचं काय झालं आपल्या? डोळ्यांच्या डॉक्टरकडे आत्याने नाही, आपण जायला हवं होतं. उतारावरचा कॅमेरा नोव्हेंबरात सुरू व्हायचा. उन्हाळ्यात गवताचे फोटो कोण काढतं! कुंपण होतं, कुलूप होतं, पाटी होती. बाप सोडून सगळ्यांपासून बंदोबस्त केला होता.

शनिवारी तिने कास्परला फोन लावला. कास्पर म्हणजे तिचा वरिष्ठ, झुरिकचा, कधीही आवाज न चढवणारा माणूस, आणि तिला त्याची हीच गोष्ट सहन होत नसे.

"म्हणजे नेमकं काय म्हणायचंय तुला?" तो म्हणाला.

"म्हणायचंय, की तिन्ही हिवाळे पाण्यात गेले. उतार कापलेला होता."

"पण आकडे खरे आहेत ना?"

"खरे आहेत. कापलेल्या गवताचे आहेत."

"मग तसंच लिहू की. कापलेल्या कुरणावर चाचणी घेतली. एक सूचना जोडू, दर उन्हाळ्यात गवत कापावं. खोटं काहीच नाही त्यात."

"आणि पिग्नेलला कापणार कोण?"

"गावकरी कापतील. डोंगरातलीच माणसं आहेत ती."

"कास्पर, तू उभ्या उतारावर गवत कापलंयस कधी?"

"मला बाल्कनी आहे, बार्ला." तो हसला. ती हसली नाही. मग तोही थोडा गंभीर झाला. "बरं, कापलं कोणी पण? कुलूप होतं ना?"

इथे तिच्या तोंडात नाव होतं. अगदी जिभेवर होतं. आणि ती म्हणाली, "चौकशी करते."

"कर. कारण कोणीतरी, कधीतरी, थोडंफार कापलं असेल, एवढ्यावर मी तीन वर्षांचं काम कचऱ्यात टाकणार नाही. कोणी गवळी असेल, एखाद्या वर्षी चार पेंढ्या नेल्या असतील. माणूस मिळाला, त्याने सांगितलं की तिन्ही वर्षं, सगळा उतार, तर गोष्ट वेगळी. नाही तर सोमवारी सही. ठीक?"

ठीक! फोन ठेवल्यावर तिने तो शब्द स्वयंपाकघरात चारपाच वेळा कास्परच्या आवाजात म्हणून पाहिला. माणूस मिळाला तर. माणूस तर मिळालेलाच आहे, माणसाने उशी शिवून पाठवलीय. पण मग ते सगळीकडे जाणार. ऑफिसात, इन्सब्रुकमध्ये टाळ्या वाजवणाऱ्यांत, पिग्नेलमध्ये, आणि सुलवालमध्ये तर आधी. बाईच्या जाळ्यांची चाचणी, आणि बाईच्या बापानेच ती हाणून पाडली. जेवणाच्या टेबलावर दहा वर्षं पुरेल असा विनोद आहे हा. तिला स्वतःचं सोसता आलं असतं, असं तिला वाटलं, मग वाटलं, तेही नाही. पण बाबांचं? आई गेल्यापासून त्यांना बोलायला दोनच विषय, एक त्यांचा गुडघा आणि दुसरा बार्लाच्या जाळ्या. दूधसंकलन केंद्राच्या दारात उभे राहून येईल त्याला सांगतात, "ते वर दिसतंय ना, ते आमच्या पोरीचं." ते तोंड उद्यापासून बंद. एक्याऐंशी वर्षांच्या माणसाला सांगायचं, की तुम्ही मायेने जे केलंत त्याने शाळेतल्या पोरांवर बर्फ आला असता. आणि नाही सांगितलं तर? नाही सांगितलं तर बर्फ येईल. कदाचित येणारही नाही. एखाद्या हिवाळ्यात येईल. ही 'कदाचित'च मोडून काढायला तीन वर्षं घातली होती, हेच तर डोकं फिरवणारं होतं. बर्फाशी भांडता येतं, कास्परशी भांडता येतं, पण प्रेमाने कापलेल्या गवताशी भांडायचं तरी कसं? त्या रात्री मान इतकी दुखली, की तिने चिडचिडत उशी गरम केली आणि मानेखाली घेतली. आराम पडला. त्याचाही तिला राग आला.

रविवारी दुपारच्या बसने ती सुलवालला गेली. बाबा चुलीपाशी होते, मोठ्या कढईत किसलेले बटाटे आणि पीठ लोण्यावर परतत होते, त्याला सारखं हलवावं लागतं, म्हणून त्यांनी मागे न बघताच ओळखलं आणि म्हणाले, "आलीस? सफरचंदाचा मुरंबा वरच्या फळीवर आहे. मान कशी आहे?"

"मान जाऊ दे. बाबा, वरचं गवत तुम्ही कापता?"

कढईतला कालथा एकदाच थांबला आणि पुन्हा सुरू झाला. "नेसा बोलली वाटतं. त्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"कशाला कापलंत?"

"कशाला म्हणजे? पाटी बघितलीस का तू तुझी कधी? एवढ्या मोठ्या अक्षरांत, 'जबाबदार: बार्ला सोलेर'. आणि तिच्या खाली हे रान! कमरेएवढं! गावातला येणारा-जाणारा बघतो. लोक काय म्हणतील? सोलेरांचं नाव लावलंय आणि कुरणाची ही अवस्था? माझ्या बापाने सगळ्या जन्मात एक तुकडा न कापता ठेवला नाही."

"त्याच पाटीवर 'आत येऊ नये' असंही लिहिलंय."

"ते परक्यांना." त्यांना यात काही विचारण्यासारखं आहे असंच वाटत नव्हतं. "आणि तुझ्या एका तारेला धक्का लावला नाही हो. यंत्रांच्या भोवती छोट्या विळ्याने कापलं, गुडघ्यांवर बसून. तू दर वर्षी यायचीस, काही बोलायची नाहीस. मला वाटलं, कळलंय हिला, मनातून बरं वाटलंय."

मग बार्ला ओरडली. किती ओरडली, काय ओरडली, ते तिला नंतर नीट सांगता आलं नसतं. तीन वर्षं, असं ओरडली. न कापलेल्या गवतासाठीच तर तो उतार घेतला होता, तुम्हाला विचारलं का कोणी, एकदा, एकदा तरी फोन करून विचारावं, की पोरी, गवत कापू का? सगळ्या जगाची घरं झाडत फिरायचा तुम्हाला कोणी मक्ता दिलाय? कापलेल्या गवतावर बर्फ घसरत नाही, बाबा! तो घसरलाच नाही! म्हणून माझी जाळी टिकली, माझ्या विणीमुळे नाही! ती दम घ्यायला थांबली तेव्हा कढईतून करपल्याचा वास येत होता. बाबांनी कढई खाली उतरवली.

"म्हणजे मी कापलं म्हणून जाळी पास झाली?"

"हो."

"आणि नसतं कापलं तर?"

"माहीत नाही. तेच माहीत करून घ्यायचं होतं."

"ती जिथे लावणार आहेत, पिग्नेलला, तिथे शाळा आहे ना खाली?"

"हो."

बाबा बाकावर बसले. बसताना त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही, नाही तर लावतात. आता काहीतरी बोलावं, त्यांच्या जवळ बसावं असं बार्लाला वाटलं, आणि ती आपली मुरंब्याची बरणी काढायला गेली, कारण दुसरं काही सुचेना. इतका वेळ चढलेला राग असा एकदम जायला नको होता, त्याच्याशिवाय तिला उभंच राहता येईना.

"सांगितलंस का साहेबाला?" बाबांनी विचारलं.

"अर्धं सांगितलंय. बाकीचं आज सांगते. सांगते, की कोणीतरी कापलं, तिन्ही वर्षं. पटवते त्याला कसंतरी."

"कोणीतरी?"

"हो, कोणीतरी."

"कोण कोणीतरी?" बाबा उठून उभे राहिले. "त्या उतारावर? नाव सांग ना एक! लुर्झी गेला. प्लासीच्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड आहे. त्याचा पोरगा ट्रॅक्टरवरून खाली उतरत नाही, जमिनीला पाय लागले तर जणू भाजतील. खालच्या आळीत विळा आहे का कोणाच्या घरी? असला तर भिंतीला टांगलाय, पाहुण्यांना दाखवायला. त्या उतारावर उभं राहून दाखव म्हणावं कोणाला, कापणं तर लांबच. कोणीतरी म्हणे!"

"बाबा, मी तुम्हाला वाचवायला बघतेय!"

"कशापासून? चोरी केलीय मी?"

"लोक हसतील."

"हसू देत ना. मूर्ख म्हणू देत. होतोच मूर्ख, विचारायला हवं होतं, नाही विचारलं." त्यांनी कालथा टेबलावर आपटला. "पण एक्याऐंशीव्या वर्षी मी तो सगळा उतार एकट्याने कापला, आणि तू म्हणणार, कोणीतरी? लाव फोन. माझ्यासमोर लाव."

काय म्हणायचं या माणसाला! तिने फोन लावला. कास्पर कुठेतरी बाहेर होता, मागे वारा होता, भांड्यांचा आवाज होता. बाबा टेबलाला दोन्ही हात टेकून तिच्या तोंडाकडे बघत होते. घरातली बोली वेगळी असली तरी त्यांना कास्परची जर्मन भाषा येत असे, पण ते बोलत नसत, ऐकत मात्र सगळं असत.

"माणूस मिळाला," ती म्हणाली. "तिन्ही वर्षं. सगळा उतार. सांगायला तयार आहे. नाव गियाचेन सोलेर."

"सोलेर?"

"माझे वडील."

पलीकडे भांड्यांचा आवाज मागे पडला, कास्पर उठून बाजूला गेला असावा. मग कास्पर हळू म्हणाला, "तुला कळतंय ना, हे लिहिलं की पहिल्यापासून सुरू करावं लागेल. आणखी निदान दोन-तीन हिवाळे. पिग्नेलला नाही म्हणावं लागेल."

"कळतंय."

"माझी ती सूचना, बार्ला. दर उन्हाळ्यात गवत कापावं. अजून विचार कर. एक माणूस जर एवढं कापू शकतो, तर पिग्नेलमध्येही मिळेलच की कोणी."

तिने बाबांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी वर होती.

"नाही मिळणार," ती म्हणाली. "असं कापणारा आता दुसरा कोणी नाही. आत्ताच विचारून घेतलंय."

फोन ठेवला तेव्हा बाबांनी मान डोलावली, हिशेब चुकता झाल्यासारखी. मग त्यांनी कढईतलं करपलेलं खरवडून काढलं, उरलेलं दोन ताटांत वाढलं, आणि वाढता वाढता त्यांचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. जून होता. वर जाळ्यांच्या मधलं गवत आत्ताच पोटरीपर्यंत आलेलं, वाऱ्याने हलत होतं.

"म्हणजे यंदा ते तसंच राहणार."

"तसंच राहणार, बाबा."

"जुलैतसुद्धा?"

"जुलैतसुद्धा. पुढच्या वर्षीसुद्धा."

"कमरेएवढं होईल."

"होऊ दे."

पुढचे दोन-तीन हिवाळे म्हणजे पुढचे दोन-तीन उन्हाळे, आणि बाबांना एक्याऐंशी सरत आलं होतं, हे दोघांनीही मनात एकदमच मोजलं असावं, कारण दोघंही एकदमच दुसरीकडे बघू लागली. मग बाबा खिडकीपाशी गेले आणि त्यांनी भर दुपारी पडदा ओढून घेतला. खोलीत अंधारलं. बार्लाने दिवा लावला आणि दोघं जेवायला बसली.